पिंपामागून

दुपारचं जेवण आटोपून द्वारका पडवीत आडवी होते, पण डोळा काही लागत नाही. संध्याकाळी ग्रामसभा आहे. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या गावकऱ्यांची नावं शिळेवर कोरायची ठरलीत, आणि तिच्या बापाचं, धाकू भाटकराचं, नाव त्यांत नाही. सरपंच म्हणतात, तो मालवाहू जहाजावरचा सुकाणी, चाक फिरवणारा; त्यानं बंदूक कधी हातात धरली? सरपंच स्वतः दिवाळीचा फटाकाही लांबूनच लावतात, ते सोडा. पण द्वारकेच्या मनातही तोच काटा सलतो आहे.

पापण्या जड होतात. पडवी हलकेच डुलू लागते.

"सरक गो, वाटंतच झोपलीस," बाप म्हणतो. तिशीचा, तिच्या लेकापेक्षाही लहान. कठड्याच्या जागी सुकाणूचं चाक आहे आणि अंगणभर धुकं. विहीरसुद्धा दिसत नाही.

"बाबा, सभेत काय सांगू? लढलास म्हणून सांगू?"

"खोटं कशाला? धर ह्ये." तो तिचे हात चाकावर ठेवतो. "धुक्यात ताफा दिसत नाय, म्हणून पुढच्या जहाजानं मागं दोरीला पिंप बांधून सोडलंय. त्येचं पाणी उडतंय, दिसलं? त्येच्यामागनं जायाचं. चुकलीस तर दुसऱ्यावर आदळशील. आन् आपल्या पोटात पेट्रोल हाय."

विहिरीच्या जागी भडका उडतो. शत्रूच्या पाणबुडीनं शेजारचं जहाज पेटवलंय. पाण्यातून माणसं हाका मारतात, मराठीत. द्वारका चाक वळवू बघते, तर बाप तिचे हात वरून घट्ट दाबून धरतो.

"थांब ना, बाबा!"

"आपून थांबलो तर मागची आपल्यावर येतील. समदीच जातील. त्यांना उचलायला शेवटचं जहाज हाय. तू पिंप बघ."

ती बघते. रडत रडत बघते.

"भ्यालास?" ती विचारते.

"लय. घरी आलो, तुला मांडीवर घेतली, आन् पुढल्या फेरीला परत नाव घातलं. मी नाय तर कोण जाणार व्हता? त्याच फेरीत गेलो." तो हसतो. "एवढंच सांग. आन् मान वर करून सांग."

द्वारका डोळे उघडते. ऊन पायांवर आलंय. उजव्या तळहातावर, बोटांच्या मुळाशी, ताजा फोड आहे, पाण्यानं टम्म भरलेला. ती त्याच्याकडे बघत राहते आणि तिला बापाचा इतका अभिमान वाटतो की पडल्या जागी हुंदका येतो.

मग ती तोंड धुते, चांगलं लुगडं नेसते. सभेत मत हात वर करून घेतात. आज ती हाच हात वर करणार आहे, आणि बाकीच्यांचे वर झाल्याशिवाय खाली घेणार नाही.