शेततळ्यातली नाव

माझी सगळी नोकरी पाणी बदलण्यात गेली. कोकणपट्टीवरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी कामाला होते. बुडालेल्या जहाजांमधून पाणबुडे जे वर आणत, ते आमच्या हौदांत येई. बरण्या, तोफगोळे, नांगराचे तुकडे, काळं पडलेलं लाकूड. त्यात मुरलेलं मीठ निघेपर्यंत ते गोड्या पाण्यात ठेवायचं, पाणी तपासायचं, ओतून द्यायचं, नवं भरायचं. महिनोन्‌महिने. माहेरी कोणी विचारलं की ताई काय काम करते, तर माझा भाऊ, दादा, परस्पर सांगून मोकळा व्हायचा, "भांडी भिजू घालती." मी कधी दुरुस्त केलं नाही. त्यात खोटं फारसं नव्हतं.

यजमान गेल्यावर आणि निवृत्ती आल्यावर मी दादाच्या मळ्यात येऊन राहिले. कोपरगावच्या खालच्या अंगाला गोदावरीकाठी आमचं गाव. समुद्र सुटला तसा तो विषयही सुटला, असं मी धरून चालले होते. वहिनींबरोबर डाळिंबाच्या झाडांचे फुटवे काढायचे, संध्याकाळी ओट्यावर बसायचं, एवढंच मला हवं होतं.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. कालव्याचं आवर्तन लांबत गेलं, विहिरी बसल्या, गावात टँकर यायला लागला. तेव्हा ग्रामपंचायतीनं ठरवलं की नदीतला जुना डोह जिथं होता, तिथं खोल खड्डा घ्यायचा. पाझर लागला तर गावाचं भागेल. जेसीबी उतरला. वाळू संपून काळा चिखल लागला आणि त्या चिखलातून बकेटमध्ये लाकडाची मोठी फळी आली, गंजलेल्या खिळ्यांसकट. पूल होण्याआधी तिथं नाव चालायची हे गावात सगळ्यांना ऐकून माहीत होतं. लग्नाचं वऱ्हाड घेऊन येताना ती एकदा भरल्या नदीत उलटली, हेही. पण ऐकलेली गोष्ट अशी खिळ्यांसकट वर येईल, असं कुणाच्या मनात नव्हतं.

दादा मोटरसायकल दामटत आला. "ताई, चल. तुझ्या कामाचं काही तरी निघालंय."

मी पोचले तेव्हा निम्मी नाव उघडी पडली होती. एक बाजू जेसीबीनं फोडलेली, बाकी सपाट बुडाची अख्खी. पोरं मोबाईल धरून कडेनं उभी होती. मी खड्ड्यात उतरले आणि फळीवर अंगठा दाबला. भिजलेल्या पावात जावा तसा आत गेला. इतकी वर्षं पाण्यात राहिलेल्या लाकडाचं आतलं बळ विरघळून गेलेलं असतं. आकार तेवढा उरतो, तोही आतल्या पाण्यानं धरून ठेवलेला. पाणी उडालं की लाकूड आवळतं, पिळतं, तडकतं. मग ते पुन्हा कधीच सरळ होत नाही. किनाऱ्यावरच्या एका गावानं जहाजाची तुळई हौसेनं चौकात उभी केली होती. पुढच्या वर्षी मी ती बघायला गेले तर हातात भुसा आला.

"बुजवा," मी सरपंचांना म्हणाले. "आहे तिथंच राहू द्या. खड्डा थोडा वर घ्या."

"ताई, डोह हितंच हुता. वर खडक हाय." सरपंच चिडले नव्हते, पण त्यांच्या मागं हंडे घेतलेल्या बाया उभ्या होत्या. "लाकडासाठी गाव तहानेलं ठेवू का?"

मी फोनवर पुरातत्त्वच्या साहेबांना गाठलं, तहसीलला कळवलं. ते येईपर्यंत काम थांबवणं कुणालाच शक्य नव्हतं. मग मी एवढंच मागितलं की काढायचीच असेल तर मी सांगेन तशी काढा. उसाच्या ट्रॉलीत ओलं पाचट अंथरलं, त्यावर भिजवलेलं बारदान. पट्टे लावून नाव उचलली. तिचे तीन भाग झाले. पण ठेवायची कुठं? एवढा हौद पंचक्रोशीत कुठंच नव्हता.

दादानं ट्रॉलीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "आपल्या शेततळ्यात टाकू."

त्या शेततळ्यातल्या पाण्यावर त्याची सगळी बाग उभी होती. मला ते माहीत होतं आणि तरी मी नको म्हणाले नाही.

पहिले काही दिवस बरे गेले. नाव पाण्याखाली होती. तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदाला खिळे लागू नयेत म्हणून खाली जुन्या गोधड्या घातल्या होत्या. मी रोज सकाळी काठाशी बसून एकेका फळीच्या सांध्यातला चिखल मऊ ब्रशनं काढायची. त्यात एक पितळी तांब्या मिळाला, समईचा दांडा, आणि ताटांची एक चळत, एकमेकींना चिकटलेली. रुखवताची असावीत.

तेव्हाच ती म्हातारी यायला लागली. वेशीजवळ राहायची. त्या नावेत तिची आत्या होती. नवरी. हिच्या जन्माच्या आधीच गेलेली, पण घरात तिचं पान वर्षानुवर्षं वाढलं जायचं. ती बांधावर बसायची आणि माझे हात बघायची. एक दिवस म्हणाली, "तिला उन्हात काढलं तुमी."

"आजी, गावाला पाणी पाहिजे होतं."

"व्हय. ते बी खरं." मग ती पुन्हा माझे हात बघू लागली.

एका सांध्यात माझ्या ब्रशला चांदीचं जोडवं लागलं. काळंठिक्कर, पण अखंड. मी ते लपवायला हवं होतं की काय, कळत नाही. म्हातारीनं बघितलं होतं. तिनं हात पुढं केला आणि मी ते तिच्या तळव्यावर ठेवलं. तिनं मूठ मिटली. रडली नाही, देवाचं नावही घेतलं नाही. नुसती मूठ छातीशी धरून बसली.

"आजी, हे सरकारजमा करावं लागेल," मी म्हणाले. नदीत सापडलेली वस्तू कुणा एकाची नसते, सगळ्यांची असते. तिथंच ठेवली तर हातोहात नाहीशी होते. हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी ते माझ्याच तोंडून परक्या बाईनं बोलल्यासारखं ऐकू आलं.

"सगळ्यांची म्हंजे कुनाची?" तिनं विचारलं. मग आपणहून मूठ उघडली.

साहेब नगरहून आले, सज्जन माणूस होता. पंचनामा झाला. तांब्या, दांडा, ताटं, जोडवं, सगळं ओल्या कापडात गुंडाळून, माझ्या सांगण्याप्रमाणे डब्यांत पाणी भरून गाडीत ठेवलं. म्हातारी आली नव्हती. मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

"लाकडाचं काय?" मी विचारलं.

"तुम्हाला सांगायला नको, ताई. लाकडात ते मेणासारखं रसायन मुरवायला मोठी टाकी पाहिजे, वर्षं पाहिजेत. वर कळवतो. तोवर सांभाळा."

ऊन चढत गेलं. शेततळं दिसामाशी खाली जायला लागलं. नावेची वरची कड उघडी पडली तशी मी तिच्यावर बारदान घातलं. सकाळी, दुपारी, उन्हं कलल्यावर, बादलीनं पाणी मारत राहिले. वहिनी हातातलं काम टाकून यायच्या. गावातली मंडळी सल्ले द्यायची. नाव मंदिरापुढं ठेवा, वर पत्रे टाका, लोक बघायला येतील. वाळली तर मोडेल, म्हटलं तर हसायचे. लाकूड वाळल्यावर तर पक्कं होतं, एवढी शिकलेली बाई असं कसं बोलते?

मग एका सकाळी माझ्या लक्षात आलं की बागेतल्या ठिबकच्या नळ्या कोरड्या आहेत. झाडांखालची माती भेगाळली होती. पानं गळायला लागली होती. मोटर बिघडली असेल म्हणून मी दादाला हाक मारली.

तो झाडाला टेकून बसला होता. "मोटर चांगली हाय."

"मग पाणी का सोडलं नाहीस?"

"सोडलं तर तुझी नाव उघडी पडंल."

"कधीपासून बंद आहे?"

"झाले काही दिवस. तू काय करू राह्यली, मी काय करू राह्यलो, दोगं बी एकच पाणी वाचवू राह्यलो." तो हसला, पण माझ्याकडं बघितलं नाही. "या झाडांना मी पोरासारखं वाढवलंय, ताई. पण ती नाव तुझ्याकडंच आली, त्याला काही कारण असंल, आसं वाटतं मला. मंग हात मोटरीकडं जात न्हाई."

मी त्याच्याशेजारी खाली बसले. समुद्रावर असताना मी किती वेळा म्हटलं असेन की वारसा वाचवण्यासाठी लोकांनी थोडी झळ सोसली पाहिजे. लोक म्हणजे कोण, हे तेव्हा मी कधी पाहिलंच नव्हतं.

"मोटर चालू कर," मी म्हणाले.

"आन्‌ नाव?"

"परत नदीत नेऊ."

ही काही माझी कल्पना नव्हती. जतन करायला जागा नसेल तर जिथून काढलं तशाच ओल्या, हवा न लागणाऱ्या जागी पुन्हा पुरून ठेवायचं, ही आमच्या कामातली मानलेली रीत आहे. साहेबांनी फोनवर होकार दिला, जागेचा नकाशा पाठवा म्हणाले. सरपंचांनी जेसीबी दिला. तोवर खड्ड्याला पाझर लागला होता आणि मी 'बुजवा' म्हणाले त्याचा राग गाव विसरत चाललं होतं. नव्या खड्ड्याच्या बऱ्याच खाली, प्रवाहाच्या दिशेनं, काठाच्या आतल्या अंगाला ओल कायम राहते, तिथं चर खोदला. काळ्या चिखलात तिन्ही भाग निजवले. एक फळी मधेच पिळवटली होती. तिला आता कुणी सरळ करू शकणार नव्हतं. वर पुन्हा चिखल, मग शेडनेट, मग वाळू.

चिखल ओढायच्या आधी म्हातारी काठी टेकत आली. पदराखालून हिरव्या बांगड्या आणि खण काढला. अशा जागी बाहेरची कुठलीच वस्तू ठेवायची नसते, त्यानं पुढच्या माणसाची दिशाभूल होते. मी तिच्या हातातून बांगड्या घेतल्या आणि पिळवटलेल्या फळीजवळ ठेवल्या. नकाशाच्या कागदावर मी त्यांची नोंद केली नाही.

पुढं पाऊस झाला, वरच्या धरणांचं पाणी सुटलं, नदी दुथडी भरली. दादाची निम्मी बाग वाचली. राहिलेल्या निम्म्या झाडांचे खुंट त्यानं स्वतः उपटले. मला मदतीला येऊ दिलं नाही.

पाणी ओसरल्यावर वाळूचे ट्रॅक्टर आले, दरवर्षी येतात तसे. नाव पुरली होती तिथून हाकेच्या अंतरावर चाकांच्या ताज्या खुणा बघून मी तहसीलला गेले. तिथल्या माणसानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्या नेमक्या जागी आहे काय?"

सांगितलं तर ते संध्याकाळपर्यंत तालुकाभर होणार. सोन्याच्या आशेनं कोणी तरी कुदळ घेऊन जाणारच. न सांगावं तर नुसत्या वाळूची राखण कोण करणार? "नदी आहे," एवढंच बोलून मी परत आले. नावेची जागा साहेबांकडच्या नकाशात आहे, पण साहेबांची बदली झाली आहे.

आता मी रोज सकाळी नदीकडं फिरायला जाते. परवा एक ट्रॅक्टर नेमका चरावर उभा होता. दोघं फावड्यानं ट्रॉली भरत होते. मी तडक त्यांच्यात जाऊन उभी राहिले.

"काय पायजेल, मावशी?" ड्रायव्हरनं विचारलं.

वारसा, कायदा, लाकूड, सगळं ओठांवर आलं. मी म्हणाले, "इथं माणसं गेलीत, बाबा. लग्नातली. नवरी होती."

त्यानं पायाखाली बघितलं, टोपी काढली, वाळूला हात लावून कपाळाला लावला. मग भरलेली वाळू तिथंच उलटी करायला लावली आणि ट्रॅक्टर थोडा पुढं नेला. तिथं फावडी पुन्हा चालू झाली. मी तो आवाज ऐकत, पायानं वाळू सारखी करत उभी राहिले.