आक्कानं पूजलेला कॉम्प्युटर

मी आज जो काही आहे तो माझ्या आक्कामुळे आहे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, पुढची शाळा लांब होती आणि घरात सायकल एकच होती. मी सातवी झालो त्या वर्षी आक्का नववी पास झाली होती, आणि ती सायकल तिच्याकडून माझ्याकडे आली. तिची दहावी राहिली ती राहिलीच. ती शिलाई मशीनवर बसली. त्या मशीनच्या जोरावर मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरात पदवी घेणारा पहिला मीच.

यंदा, मुलं मार्गी लागल्यावर, आक्कानं बाहेरून दहावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. गणिताची तिला धास्ती होती, ते मी शिकवायचं ठरलं. मी संगमनेरला एका डेअरीच्या प्रयोगशाळेत आहे. रोज संध्याकाळी सातला मी घरच्या कॉम्प्युटरवर समीकरणं लिहायचो आणि ती गावी मोबाईलवर बघून वहीत उतरवायची.

दसऱ्याला ती आमच्याकडे आली. तिच्या घरी त्या दिवशी मशीनची पूजा असते, म्हणून इथं तिनं कॉम्प्युटरची मांडली. कॉम्प्युटरच्या उभ्या डब्याच्या माथ्यावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूची माळ घातली. मी हसलो तेव्हा म्हणाली, "मला या वयात शिकवतोय. त्याला हात जोडले तर काय बिघडलं?"

ती गावी परतली आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटर एकाएकी मंद झाला. पहिली दहा मिनिटं बरा चालायचा, मग अडखळायचा. मी 'क्ष' लिहिला की तो पडद्यावर उमटायला वेळ लागायचा. आक्काला माझा चेहरा गोठलेला दिसायचा आणि आवाज तुकड्यातुकड्यांनी पोहोचायचा. मोबाईलवरून शिकवून पाहिलं, पण गणितं लिहून दाखवता येईनात.

मी शिकलेला माणूस, म्हणून शिकलेल्या माणसासारखे उपाय केले. जुने फोटो काढून टाकले, नको ते प्रोग्रॅम उडवले, व्हायरस शोधला. एकही सापडला नाही. इंटरनेटवाल्याला बोलावलं, त्यानं त्याची लाईन चोख असल्याचं दाखवून दिलं. बसस्टँडजवळच्या दुकानदारानं फोनवरच निदान केलं, मशीनचं वय झालं, नवीन घ्या. बायको म्हणाली, देवाला वाहिलेली वस्तू कामाला जुंपल्यावर दुसरं काय होणार. ती थट्टेनं म्हणाली होती, पण गावी आक्काही तेच मनात धरून बसली होती आणि तिची ती थट्टा नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, "भावड्या, राहू दे आता. मी हात लावला अन् तुझं यंत्र बसलं. माझ्या नशिबात दहावी न्हाई, येवढं कळतं मला."

सायकल माझ्याकडे आली त्या दिवशीही तिचा आवाज असाच शांत होता.

पडद्यावर तिचं चित्र थिजलेलं होतं. मग तिचा आवाज आला, "पर ते टकटक काय वाजतंय रे तुझ्याकडं?"

मी कान दिला. डब्यातून खरंच बारीक टकटक येत होती. तीन आठवडे मी पडद्याकडे बघत होतो, डब्याकडे कान दिलाच नव्हता.

"आधी न्हवतं वाजत," आक्का म्हणाली. "माझ्या मशीनच्या कापड सरकवणाऱ्या दातऱ्याखाली सुताची लव बसली की असंच वाजतं, अन् मशीन जड चालतं. तू उघडून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. प्रयोगशाळेत रोज यंत्रं हाताळणारा मी, घरच्या डब्याचा स्क्रू पिळायला भीत होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्लग काढला, झाकण उघडलं आणि पाहतच राहिलो. डब्याच्या माथ्याला हवेसाठी जाळी असते. तिच्यातून झेंडूच्या पाकळ्या खाली पडल्या होत्या आणि मुख्य चिपच्या डोक्यावरच्या पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये, वाळून घट्ट बसल्या होत्या. सोबत अक्षता होत्या, आधीची धूळ होती. माळेच्या दोऱ्याचा एक तुकडा पंख्याच्या आसाला गुंडाळला होता, त्याचं टोक पात्याला लागून टकटकत होतं.

चिमट्यानं दोरा सोडवला आणि रंगाच्या कोरड्या ब्रशनं पट्ट्या साफ केल्या. झाकण लावून कॉम्प्युटर सुरू केला. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तो अडखळला नाही.

मग हे असं का झालं ते इंटरनेटवर वाचून काढलं. संध्याकाळी फोन करून व्हायरस होता म्हणून सांगणं सोपं होतं. पण आक्काशी मी कधी खोटं बोललो नाही. शिवाय पत्रलेखनाचा सराव करताना ती एकदा म्हणाली होती की तिला आयुष्यात खरं पत्र कुणी धाडलंच नाही. म्हणून फोन केला नाही. बसून लिहिलं आणि सोमवारी सकाळी पोस्टात टाकलं.

प्रिय आक्का,

कॉम्प्युटर नीट झाला. दोष तुझ्या झेंडूचा होता, हे आधीच सांगतो. पाकळ्या आत पडून पंख्याची हवा अडली होती. तू टकटक ऐकली नसतीस तर मी तो भंगारात घातला असता. म्हणजे बिघडवलास तू आणि दुरुस्तही तूच केलास. मी फक्त स्क्रू पिळले.

पण मला तुला दुसरंच सांगायचं आहे. तो म्हातारा झाला नव्हता आणि रुसलाही नव्हता. त्याच्या आत नखाएवढी एक चिप असते. ती फार तापली की आपणहून आपला वेग कमी करते, म्हणजे जळून जात नाही आणि हातातलं कामही सुटत नाही. कुणी सांगावं लागत नाही. मला केवढं नवल वाटलं! तीन आठवडे मी त्याला नावं ठेवत होतो, आणि तो तेवढ्या तापातही तुझी समीकरणं ओढत होता.

ते वाचलं आणि मला तूच दिसलीस. तुझी शाळा सुटली असं आपण सगळे म्हणत आलो. मला आता तसं वाटत नाही. तुझा वेग कमी झाला होता, एवढंच.

पुढच्या दसऱ्याला पूजा तूच कर. माळ फक्त शेजारी ठेव.

हे पत्र मिळेल त्याच संध्याकाळी सातला मोबाईल लाव. वर्गसमीकरणाचं चौथं उदाहरण अर्धं राहिलंय, उत्तर मी काढलेलं नाही.

तुझा,
भावड्या