चालू पेशंट

बिघडलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय कालिंदीला चैन पडत नसे. शहरातल्या एका लॅबचं सॉफ्टवेअर तिनंच लिहिलेलं. तेव्हा लॅबमध्ये कॉम्प्युटर एकच होता, म्हणून ज्याचं रक्त तपासायला घेतलंय त्याची माहिती तिनं एका ग्लोबल ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रामच्या सामायिक कप्प्यात ठेवली. नाव दिलं 'चालू पेशंट'. प्रोग्रामच्या कुठल्याही कोपऱ्यातून हात घाला, सापडणारच! या सोयीचा तिला भारी अभिमान होता.

आता त्याच प्रोग्रामवर दोन कॉम्प्युटर चालत होते, आणि दोन महिन्यांत तीन रिपोर्टांची अदलाबदल झाली. शेवटी तर जैतुनबींची शुगर सोयगावच्या कडूबाच्या नावावर चढली. तिन्ही रिपोर्ट लॅबमधल्या टेक्निशियन मुबारकच्या हातचे. लॅबच्या डॉक्टरांनी त्याला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं.

"मॅडम, नाव पाहूनच बटन दाबलं. खोटं नाय बोलत," मुबारक एवढंच म्हणाला.

कालिंदीनं तारखा काढल्या. तिन्ही शुक्रवार, दुपारी दोननंतरचे. नमाजाच्या घाईत चुकतो, असं सगळे म्हणत. पण घाई जाताना असते, चूक तर परतल्यावर होत होती! हे काय गौडबंगाल?

शनिवारी ती स्वतः मुबारकच्या खुर्चीत बसली. जैतुनबींचा रिपोर्ट अर्धा भरून उठली, कारण शुक्रवारी नमाजाची वेळ झाली की मुबारक कधीकधी तसाच उठून जाई. मग शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या टेक्निशियनच्या, उमाच्या कॉम्प्युटरवर कडूबाला उघडलं, कारण तेवढ्या वेळात उमा पुढचे पेशंट घेई; एरवी एकाच वेळी दोन रिपोर्ट उघडे राहत नसत. परत येऊन सेव्ह केलं. समोर नाव जैतुनबींचंच होतं, पण आतला 'चालू पेशंट' कधीच कडूबा झाला होता. माठावर एकच पेला ठेवावा आणि उष्टं केलं म्हणून दुसऱ्यालाच बोलावं, तसं झालं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं 'चालू पेशंट'ची ती ओळच उडवली. चौसष्ट ठिकाणी प्रोग्राम अडला. रविवारभर बसून तिनं प्रत्येक रिपोर्टला त्याचा स्वतःचा वेगळा कप्पा दिला; रिपोर्ट सेव्ह झाला की तो कप्पाही टाकून द्यायचा.

सोमवारी तिनं डॉक्टरांना चूक कुणाची ते सांगितलं आणि मुबारकला बोलावून घेतलं.

शुक्रवारी दीड वाजला तरी मुबारक खुर्चीला चिकटून होता.

"नमाजाला जात नाही?" कालिंदीनं विचारलं.

"रिपोर्ट अर्धा हाय, मॅडम."

"अर्धाच राहू द्या. जा तुम्ही."

तो गेला. शेजारी उमानं पुढचा पेशंट उघडला, आणि मुबारक परतून रिपोर्ट बरोबर नावावर सेव्ह करेपर्यंत कालिंदी त्या पडद्यासमोरून हलली नाही.