न बोलावलेलं तिसरं कडवं

मी चौथीपर्यंत शिकले, सावंतवाडीकडच्या मराठी शाळेत. घरी आम्ही ख्रिस्ती माणसं कोकणी बोलायचो. पुढे मुंबईत तियात्रात गायले, म्हातारी होईपर्यंत. तियात्र म्हणजे आमचं कोकणी नाटक. दोन प्रवेशांच्या मधे पडदा पडतो आणि गाणारा पडद्यापुढे येऊन गातो. पुढाऱ्याला, पाद्र्याला, नवऱ्याला तोंडावर जे बोलता येत नाही, ते तिथे चालीवर बोलायचं.

त्याची एक रीत आहे. दोन कडवी म्हणायची आणि विंगेत निघून जायचं. वाजवणारे चाल चालू ठेवतात. लोक शिट्ट्या मारतात, 'वन्स मोअर' ओरडतात, मग बाहेर येऊन तिसरं म्हणायचं. खरा डंख तिसऱ्यात असतो, पहिली दोन म्हणजे नुसतं आमिष. बोलावलं नाही तर तिसरं म्हणायचं नाही. ते घरी घेऊन जायचं.

नवरा लवकर गेला. मुलगा विंगेत कपड्यांच्या पेटीवर बसून वाढला. माझी दोन कडवी संपली की पहिली शिट्टी त्याची. दोन बोटं तोंडात घालून अशी मारायचा की मागे सगळं थिएटर पेटायचं.

तो शिकला आणि दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात साहेब झाला. सून दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात वाढलेली मराठी मुलगी. त्यांनी गुडगावात नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर घर घेतलं आणि मला आणलं. खाली अजून मोहरीची शेतं होती आणि त्यांत बिल्डरचे बोर्ड उभे होते. नात मला दादी म्हणायची. तिला कोकणी येत नव्हती, मराठीही अर्धीच.

एकदा लिफ्टमध्ये शेजारीण म्हणाली, "आंटीजी, आप म्यूझिक टीचर थीं ना? आपके बेटे ने बताया."

घरी आल्यावर मी मुलाला विचारलं, "मी कधी शिकवलं रे?"

"माय, इथे तियात्र कुणाला कळतं? स्टेजवरची बाई म्हटलं की लोक भलतंच समजतात."

"आणि तू काय समजतोस?"

त्याने पेपर उघडला.

मग मी मराठीत कडवी रचली. आर. के. पुरमच्या मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. सुनेच्या वडिलांनी शब्द टाकला म्हणून मला पाच मिनिटं मिळाली. सेक्रेटरी म्हणाला, "आजी, कोळीगीत असेल तर बघा ना. मुलं नाचतील."

"मी कोळीण नाही," मी म्हटलं. "मासे विकत घेऊन खाते."

पहिली दोन कडवी नव्या इमारतींवर होती: नळ सोन्याचा आणि पाणी टँकरचं, असली. तिसरं मुलासाठी होतं. माझ्या शाळेत फळा नव्हता, वर्ग शिट्ट्या मारायचा आणि सगळ्यात हुशार विद्यार्थी पेटीवर बसायचा, एवढंच त्यात होतं. घरी त्याने ते ऐकलं नसतं. चार लोकांत ऐकावं लागलं असतं.

हार्मोनियम वाजवणाऱ्या पेटीवाल्याला मी बजावून ठेवलं, "मी आत गेले तरी थांबू नका."

निवेदिकेने मला निवृत्त संगीत शिक्षिका म्हणून बोलावलं. ओळखीचा कागद मुलाने दिला होता. मी दोन कडवी म्हटली. आवाज चांगला लागला, खोटं कशाला बोलू. मग वाकले आणि आत गेले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीटनेटक्या टाळ्या, सरकारी नोकरीतल्या माणसांच्या. शिट्टी मारणं त्यांच्यात असभ्य. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना रीत माहीत नव्हती. पेटीवाला चाल वाजवत राहिला. एकदा फिरली, दोनदा फिरली. पडद्याच्या फटीतून मला पहिली रांग दिसत होती. मुलगा तिथे बसला होता. अख्ख्या हॉलमध्ये त्या एकट्याला कळत होतं की चाल का थांबत नाही. त्याने पडद्याकडे पाहिलं. मग हात मांडीवर ठेवले आणि घड्याळाकडे पाहिलं.

निवेदिका म्हणाली, "आता पाककला स्पर्धेचा निकाल."

तो आत आला. "छान झालं, माय. चल, गाडी काढतो."

"एक राहिलं."

"मग म्हणायचं ना. अडवलं कुणी?"

तो गाडीच्या किल्ल्या शोधायला लागला.

परतताना नात माझ्याजवळ मागे बसली होती. तिने विचारलं, "दादी, आप कौन से स्कूल में पढ़ाती थीं?"

सून खिडकीबाहेर बघायला लागली. मी म्हटलं, "जिथे तुझे पप्पा शिट्टी मारायला शिकले, त्या."

ती खूश झाली. पुढे वाकून तिने बापाचा खांदा धरला. "पप्पा, आपको सीटी आती है? बजाओ ना."

"नहीं बेटा," तो म्हणाला. "मुझे कभी आई ही नहीं."