श्रीनिवासनं लावलेली सुई

आमच्या ग्रुपमध्ये किस्से साठतात ते एअर फिल्टरमधल्या धुळीसारखे. झटकले तरी पुढच्या रविवारी तेवढेच! आम्ही चौघं: मी, रव्या, गफूरभाई आणि श्रीनिवास. होटगी रोडकडच्या माळावर नायट्रो नावाच्या इंधनावर चालणारे रिमोटचे ट्रक पळवायचो. आमची वयं विचारू नका. बायका विचारतात तेवढं बास!

ह्या ट्रकला खरंखुरं इंजिन असतं, मुठीएवढं. कार्बोरेटरवर एक स्क्रू, त्याला आम्ही सुई म्हणतो. आवळली की इंधन कमी, वेग जास्त, अन् इंजिन तापून मरायला टेकतं. सैल केली की धूर अन् तेल भरपूर. एवढंच शास्त्र. पण बरोबर जागेवर लावायचा तो श्रीनिवासच, तेही नुसत्या कानानं.

*

रव्याला वेगाचं लई वेड. एकदा श्रीनिवास चहाला गेला अन् ह्यानं गपचूप सुई आवळली. ट्रक असला सुटला की गफूरभाई टाळ्या वाजवायला लागले. मग खट्!

श्रीनिवास कप हातात घेऊनच आला. "धूर बंद झालेला दिसला न्हाय का रे? धूर बंद म्हणजे मयत जवळ!"

नवीन पिस्टन येईपर्यंत रव्या आमच्या गाड्या पुसत बसला.

*

श्रीनिवासच्या घरासमोर ट्यूनिंग केलं की अख्खी गल्ली शिव्या देत बाहेर यायची. खूश फक्त श्रीनिवासचे वडील. आम्ही त्यांना मामा म्हणतो. जन्मभर यंत्रमागावर टॉवेल विणून कान गेलेले. दारात खुर्ची टाकून बसायचे.

"पोराचं बोलणं ऐकू येत न्हाय," म्हणायचे, "हे येतंय की!"

*

मग श्रीनिवासला कॅन्सर निघाला. वॉर्डात मी अन् गफूरभाई त्याच्याजवळ, रव्या तिकडं माळावर. रव्यानं व्हिडिओ कॉलवर इंजिन ऐकवलं. नर्स आमच्यावर ओरडली. श्रीनिवासला बोलवत नव्हतं, तर त्यानं बोट फिरवून दाखवलं: सैल कर.

गफूरभाई म्हणाले, "डॉक्टर बोलता आराम करो, अन् ये हमारी सर्व्हिसिंग कररा!"

सगळे हसलो. मी जिन्यात जाऊन रडलो. भर मे महिन्यात गेला तो.

*

परवा, डिसेंबरच्या थंडीत, मामा रिक्षानं माळावर आले. श्रीनिवासचा ट्रक टॉवेलात गुंडाळून आणलेला.

"घरच्यांनी विकायचा ठरवलाय. उद्या गिऱ्हाईक येतंय. त्याआधी एकदा पळवा."

मी स्क्रूड्रायव्हर काढला. मामांनी माझं मनगट धरलं. "सुईला हात लावायचा न्हाय. त्यानं लावलीय तशीच."

मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "मामा, ही उन्हाळ्यातली सेटिंग हाय! थंडीत सैल करावी लागती, न्हायतर इंजिन जळंल!"

"नक्की जळंल?"

"नक्की!"

"मग पळवा."

रव्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. ट्रक किंचाळत सुटला, मागं धूर नाही. मामा कानामागं हात धरून ऐकत उभे होते, डोळ्यांतनं पाणी. मग खट्!

मामा सावकाश चालत गेले, तापलेला ट्रक टॉवेलात गुंडाळला अन् पोटाशी धरला.

"गिऱ्हाईकाला फोन लावा रे कुणीतरी," म्हणाले. "म्हणावं, येऊ नको."