आईच्या खोलीला न लावलेला प्रायमर

मंडळी, आज सकाळी रोह्याच्या घरी रंगाऱ्याने विचारलं, "भिंतींना आधी प्रायमर मारायचा ना?" मला पेणच्या घरातली आईची खोली आठवली.

सत्त्याण्णव साली पेणच्या घरी आई अंथरुणाला खिळली होती. तिला खोली आकाशी हवी होती. तेव्हाचा रंगारी म्हणाला, "जुना चुना हाय. खरवडून प्रायमर लावूया, चार दिवस जातील."

मला कंपनीतून दोनच दिवस रजा होती. म्हटलं, "नाय, थेट रंग मार."

महिन्याभरात पापुद्रे सुटले. आई पडल्या पडल्या तेच बघायची. म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे. मला किती दिवस बघायचंय?"

दिवाळीआधीच ती गेली.

आज रंगाऱ्याला हो म्हटलं आणि ओट्यावर जाऊन बसलो. घाईत उरकलेलं असं एखादं काम तुम्हालाही छळतं का?