लाल पेनाचा शहाणपणा

नव्वदच्या दशकात बेलापूरच्या एका विद्यापीठात मी हंगामी व्याख्याता होतो. कायम व्हायचं तर विभागप्रमुखांची शिफारस लागे. ती मिळावी म्हणून मी विभागाच्या स्मरणिकेचं काम अंगावर ओढून घेतलं. पाचशे प्रती. एवढं मोठं काम बाहेर द्यायला बंदी. तळघरातल्या मध्यवर्ती मुद्रण विभागाचेच पाय धरायचे.

तिथल्या पर्यवेक्षकाचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाकडं. शिक्का तिरका, अर्ज परत. समास कमी, अर्ज परत. तो इथल्याच गावचा. तिसऱ्यांदा कागद माझ्याकडे सरकवत म्हणाला, "सर, पोरांना शिकवता ना? मग साधा फॉर्म भरता येत नाय?"

मी चिडून अर्जावर लिहिलं: 'दिले आहे तसेच छापावे. स्वतःचे डोके चालवू नये.' खाली झोकदार सही.

मग मी माझं चालवलं. छपाईसाठी मूळ पानाचा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला रंगीत शाई दिसत नाही, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. खरं तर फिकी निळी दिसत नाही. लाल चक्क काळी उमटते. एवढ्या अर्ध्या ज्ञानावर मी लाल पेन उचललं आणि प्रमुखांच्या मनोगतावर, मूळ पानाच्या वरच्या समासात, सूचना लिहिली: 'हे पाल्हाळ कोणी वाचणार नाही. शेवटी ढकला.'

पाचशेच्या पाचशे प्रतींवर ती ठसठशीत उमटली. माझं अक्षर इतकं सुबक आधी कधी दिसलं नव्हतं.

मी तळघरात धावलो. "अहो, तुम्हाला हे दिसलं नाही?"

"दिसलं ना. वाचून हसलो पन." त्याने माझा अर्ज नाकासमोर धरला. "डोकं चालवू नको, असं तुमीच लिवलंय. सही तुमचीच हाय."

"द्या सगळ्या प्रती इकडे!"

"पयली सायबांकडं गेली. नियम हाय."

प्रमुखांच्या टेबलावर नेमकं ते पान उघडं होतं.

"सर, ती शाई..."

"बसू नका," ते म्हणाले. "वाचा. मोठ्याने."

मनोगत चार पानांचं होतं. मी उभ्यानं वाचत गेलो, पहिल्या ओळीपासून. दुसऱ्या पानावर मला जांभई आली. दाबली, तरी त्यांनी ती पाहिली.

ते निवृत्त होईपर्यंत मी हंगामीच राहिलो.